बाहेरच्या खोलीची ओव्हर

मी, श्रीमती केसरबाई केरबा सोनकांबळे, वय वर्षे ७३, व्यवसाय नर्स (पुढे 'निवृत्त' लिहा असं वकिलांनी सांगितलं होतं, मी लिहीत नाही), राहणार तळमजला, भाईंदर पश्चिम, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. मिनल मेहता यांनी दिला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी माझं बीपी तपासलं, मग मी त्यांचं तपासलं. त्यांचं जास्त निघालं. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. आणायचा प्रयत्न माझ्या मुलानं केला, त्याची हकीकत कलम दोनमध्ये येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण सवड मिळाली नाही.

कलम १. माझे पती केरबा हयात नाहीत. मुलगा उदय आणि सून राजश्री पुण्याला वाकडमध्ये असतात. दोघंही चांगली आहेत, राजश्री जरा जास्त. उदयला हे वाचून राग येईल, पण माझ्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर बेडपॅन कोणी दिलं आणि दाराबाहेर उभं राहून "आई, बरं वाटतंय का" असं कोण विचारत होतं, हे त्यालाही माहीत आहे.

कलम २. महापालिकेच्या रुग्णालयातून मी इन-चार्ज सिस्टर म्हणून बाहेर पडले तेव्हा सगळ्यांनी मला आराम करायला सांगितलं. मी करून पाहिला. आठवड्यात कळलं की त्यात करण्यासारखं काहीच नसतं. मग बाहेरच्या खोलीतला सोफा काढून टाकला आणि तिथे दोन वॉकर आणून ठेवले. कोणाला लागले तर न्यावेत, काम झालं की आणून द्यावेत. लोकांनी वॉकर नेले आणि त्यांच्या घरी पडून असलेल्या व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या, एअर बेड माझ्याकडे आणून टाकले. आता त्या खोलीत माणसाला आडवं होऊन जावं लागतं. सकाळी तिथेच बीपी तपासते. दुपारी अंथरुणाला खिळलेल्यांकडे जाते. दिवसाआड बसनं समुद्रकाठच्या पाली या कोळ्यांच्या गावाला जाते, कधी पुढच्या चौक गावालाही.

यंदा दिवाळीला उदय म्हणाला, आई, पुरे झालं, पुण्याला चल, फ्लॅट विकून टाकू. मी नाही म्हणाले. आवाज चढले. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "तुझ्यानंतर हे कोण बघणार, त्याचं एक नाव सांग. नाव सांगितलंस तर बाहेरच्या खोलीला मी हात लावणार नाही."

माझ्याकडे नाव नव्हतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मुलगा चिडून बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं, पण तो बरोबर बोलला होता.

कलम ३. फ्लॅट उदय आणि राजश्री या दोघांच्या नावे समान हिश्शानं करते. कलम सातमध्ये नाव असलं, तर बाहेरची खोली आहे तशी चालू ठेवायची. नाव नसलं, तर सगळं सामान एखाद्या संस्थेला देऊन फ्लॅट विकायचा. मेलेल्या बाईनं जिवंत माणसांच्या मानेवर बसू नये, असं माझं मत आहे.

कलम ४. बँकेतली शिल्लक दोघांना समान. बांगड्या राजश्रीला. कपाटातली काचेची सहा बाऊल उदयला, कारण ती त्यानंच मला वाढदिवसाला दिली होती आणि त्यांचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

सत्कारात मिळालेल्या शाली एका गाठोड्यात आहेत. थंडीला निरुपयोगी, पण गुळगुळीत आहेत. जड पेशंट खाटेवर वर सरकवायचा असला की त्याच्या पाठीखाली घालून दोन बाजूंनी ओढायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. त्या खोलीतच राहू द्याव्यात. स्मृतिचिन्हांपैकी जे लाकडी आहे ते दाराला अडकण म्हणून वापरात आहे, बाकीची भंगारात द्यावीत.

पाऱ्याचं बीपीचं यंत्र माझं स्वतःचं आहे. ते राजश्रीला. तिला ते वापरायला येतं, आणि उदयचं बीपी तो नको म्हणाला तरी पाहायला हवं.

कलम ५. माझ्यानंतर डोळे दान करावेत आणि देह मेडिकल कॉलेजला द्यावा. तिथल्या मुलांना एवढं कळवावं की माझ्या डाव्या हाताची शीर कधीच कोणाला सापडली नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना व्हावी आणि मग चहा. भाषण ज्याला करायचं असेल त्यानं आधी माझा रक्तगट सांगावा. म्हणजे कार्यक्रम लवकर आटोपेल.

कलम ६. आता श्री. दशरथ तावडे. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. यांचं आणि माझं भांडण बाहेरच्या खोलीइतकंच जुनं आहे. निवासी जागेचा अन्य कारणासाठी वापर, पॅसेजमध्ये व्हीलचेअर, अनोळखी इसमांची ये-जा, यांबद्दल ते मला दर महिन्याला नोटीस देतात. शिपायाच्या हाती कधी पाठवत नाहीत. स्वतः येतात, दारात उभे राहतात आणि पोच म्हणून सही घेतात. कागद जाड असतो. मी त्याच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी करते.

एकदा असेच नोटीस घेऊन आले. मी सही केली तरी जाईनात. मग नोटिशीकडेच बघत म्हणाले, "उर्मिलाच्या पाठीला जखम झालीय."

उर्मिला त्यांची पत्नी. झटका येऊन उजवी बाजू गेली होती. मी तशीच चपला घालून वर गेले. तावडे तिला कुशीवर करत होते ते पाहून माझं डोकंच फिरलं. फायलींचा गठ्ठा ओढावा तसे गाऊन धरून ओढत होते. त्यांना बाजूला केलं आणि भरपूर बोलले. मग शिकवलं. गुडघा कसा दुमडायचा, हात कुठे घालायचा, ओढायचं नाही, लोळवायचं. पाठ कोरडी ठेवायची, एअर बेडचा पंप रोज बघायचा, जखम कशी धुवायची. अधीक्षक माणूस खाली मान घालून शिकला. उर्मिलाला बोलता येत नव्हतं, पण मी आले की तिचा चेहरा उतरायचा आणि मी जायला निघाले की खुलायचा, कारण तोवर ते माझ्यापेक्षा हलक्या हातानं उलटवायला लागले होते.

ती गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ मीच घातली. पाठ स्वच्छ होती, एक ओरखडा नव्हता. इतकी वर्षं झटका आलेली माणसं पाहिली, अशी पाठ क्वचित पाहिली. तेव्हा मला तावड्यांबद्दल फार आदर वाटला, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. महिन्याभरानं त्यांनी पुन्हा नोटीस दिली, त्यामुळे सांगायचं राहून गेलं.

त्यांच्या नोटिसांचा गठ्ठा मी त्यांनाच परत ठेवते. मागच्या बाजूला साबुदाणा, हिंग वगैरे लिहिलं आहे, त्याकडे दुर्लक्ष करावं.

कलम ७. वॉर्डात ड्युटी संपली म्हणून नर्स घरी जात नाही. पुढच्या पाळीच्या सिस्टरला घेऊन प्रत्येक खाटेशी उभं राहायचं, याला काय दिलं, त्याचं काय राहिलं, कोण सकाळपासून रडतंय, ते सगळं सांगायचं. याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. ती "घेतली" म्हणाली की मगच आपली पर्स उचलायची. ती आलीच नाही, तर आपण तिथेच. मी सगळा जन्म हा नियम पाळला आहे. मरतानाही मोडायची इच्छा नाही.

म्हणून दिवाळीपासून मी बदलीचं माणूस शोधते आहे. ज्येष्ठ नागरिक संघात विषय काढला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, ठराव मांडला, मला आणखी एक शाल दिली आणि गरम बटाटेवडे खाऊन घरी गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या मृणालिनी पेडणेकर मनापासून तयार झाल्या. त्यांना पालीला फिलोमिनाकडे घेऊन गेले. फिलोमिना मासे विकते, साखरेच्या आजारानं तिच्या डाव्या पायाला जखम आहे. पट्टी सोडली आणि रक्त बघून मृणालिनी चक्कर येऊन खाली बसल्या. मग फिलोमिनानंच त्यांना पाणी पाजलं आणि मला म्हणाली, "सिस्टर, दुसरी न्हाय का कोण?" वर मला सुरमई दिली. पैसे देते म्हटलं तर ऐकत नाही.

तेव्हा बाहेरच्या खोलीची ओव्हर माझ्याकडून घेणाऱ्याचं नाव इथे लिहायचं आहे. जागा मोकळी सोडली आहे: ______________

कलम ८. हे कलम आज, सह्यांच्या दिवशी लिहीत आहे. वकिलांचा या कलमाला विरोध आहे. तो मी ऐकून घेतला आहे.

वरची जागा आज सकाळपर्यंत मोकळीच होती. मी हार मानली होती. साक्षीदार म्हणून डॉ. मिनल आणि तावडे यांना बोलावलं. तावड्यांना अशासाठी, की पुढे कोर्टात कोणी विचारलं तर माझ्याविरुद्ध तक्रार असलेला माणूसच सांगेल की बाई शुद्धीवर होती. ते आले, या महिन्याची नोटीस घेऊनच आले. खुर्ची ओढून सगळं वाचलं, सहावं कलम दोनदा. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सिस्टर, साक्षीदार म्हणून मी सही करणार नाही."

मला वाटलं, साबुदाणा लागला. मी म्हटलं, का, मी वेडी वाटते का तुम्हाला? ते वकिलांकडे वळले आणि विचारलं, मृत्युपत्रात ज्याच्याकडे काही येतं त्यानं साक्षीदार व्हावं का? वकील म्हणाले, न झालेलं बरं, उगाच फाटे फुटतात.

मी म्हटलं, "तुमच्याकडे काय येतंय? नोटिसाच ना?"

त्यांनी मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. म्हणाले, "हे. तुम्ही अख्ख्या भाईंदरला विचारलंत. मला नाही विचारलंत."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मला एकदम सगळं दिसलं. नोटीस द्यायला आलेला हा माणूस दर वेळी जाताना व्हीलचेअरच्या चाकांत तेल घालून जायचा आणि एअर बेडचा पंप लावून बघायचा. मी समजत होते की पुरावे गोळा करतोय. आयुष्यभर माणसांची नाडी पाहिली, आणि दारातल्या माणसाची पाहायची राहिली.

मग पद्धतशीर ओव्हर दिली. एकेका वस्तूशी उभं केलं. कुठला वॉकर डगमगतो, कोणत्या घरून कमोडची खुर्ची मागून आणावी लागते, कोण वॉकरवर टॉवेल वाळत घालतं. घरोघरचे पेशंट सांगितले. जखमा डॉ. मिनल पाहतील असं ठरलं, त्या त्यांच्या गुजराती वळणानं म्हणाल्या, "रविवारी मी येतेच ने." उलटवणं, नेणं-आणणं, सामान आणि पाली तावड्यांकडे. त्यांनी एकच गोष्ट विचारली, पालीची बस कुठून सुटते.

उदयला फोन करून नाव सांगितलं. त्यानं ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "नोटीसवाले तावडे?" मी म्हटलं, हो. त्यावर तो हसला, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

कलम सातमधल्या मोकळ्या जागेत हे नाव वाचावं: श्री. दशरथ तावडे. तावड्यांच्या जागी साक्षीदार म्हणून मृणालिनी सही करतील. इथे रक्त नाही, त्यामुळे अडचण नाही.

ओव्हर दिली म्हणून लगेच निघायलाच हवं असं नाही, हेही नोंदवून ठेवते. बदली आल्यावर तिच्याबरोबर चहा घेऊन, दोन गोष्टी बोलून मग जायची आमच्या वॉर्डात पद्धत होती. मी चहा फार सावकाश पिते.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि त्यात मला काही खोडायचं नाही.

सही: केसरबाई केरबा सोनकांबळे

केसरबाईंनी आमच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर:
साक्षीदार १. डॉ. मिनल मेहता (बीपीची गोळी सुरू केली आहे)
साक्षीदार २. मृणालिनी पेडणेकर

ठिकाण: भाईंदर पश्चिम
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

ओव्हर घेतली. फिलोमिना, पाली, डावा पाय, दिवसाआड. पॅसेजमधल्या व्हीलचेअरबद्दलची पुढच्या महिन्याची नोटीस मी माझ्याच नावे काढत आहे. ती द्यायला नेहमीप्रमाणे खाली येईन. सिस्टरनी दार उघडावं.
दशरथ तावडे