आजीची हनुवटी

प्रिय ठकू,

त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, चेहऱ्याची कातडी घट्ट करायचं ते मशीन नेमकं काय करतं, दुखतं का, फरक पडतो का. मी मग सांगते म्हणून विषय तोडला आणि तू रुसलीस. तुझा रुसवा मला नुसत्या श्वासावरून कळतो. पण आई शेजारीच बसली होती, माझ्या डब्यातली बटणं रंगांप्रमाणे लावत, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. माझं अक्षर कापडावर खडूने खुणा करण्याच्या लायकीचं, तेव्हा सांभाळून घे.

मी ते स्वतः करून पाहिलंय, तेव्हा आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर म्हणशील ताईने नेहमीसारखं पाल्हाळ लावलं. पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आधी चौकशी केली. छातीत पेसमेकर आहे का, हाडांत कुठे धातू बसवलाय का, दिवस गेलेत का. शेवटचं विचारल्याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानले. मग कानातलं-गळ्यातलं काढायचं, तोंड धुऊन आडवं व्हायचं. गालावर गार जेल चोपडतात आणि त्यावरून दांड्यासारखं एक यंत्र फिरवत राहतात. त्यातून रेडिओच्या लहरी आत जातात म्हणे, गाणी काही ऐकू आली नाहीत. आधी कोमट लागतं, मग चांगलंच गरम, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यावर गाल टेकावा तसं. चटका बसायला लागला की लगेच सांगायचं, तुझ्यासारखं दात-ओठ खाऊन सोसायचं नाही. अर्ध्या-पाऊण तासात सुटका होते. चेहरा लालबुंद होतो, जरासा सुजतो, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते ओसरतं. उन्हात जाताना क्रीम लावायचं, बाकी पथ्य काही नाही.

फरक म्हणशील तर उठल्या उठल्या ओढल्यासारखं वाटतं, पण त्यावर भुलायचं नाही. खरा फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, कातडी आतून नवं सूत विणते तेव्हा. आणि त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने चार-पाच वेळा तरी जावं लागतं. वर्ष-दीड वर्षाने पुन्हा पहिल्यापासून. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. फार लोंबलं असेल तर मशीन हात टेकतं, तिथे ऑपरेशनच लागतं, म्हणाल्या. मला ते लगेच पटलं. वाफेने कापड थोडंफार आवळतं, पण दोन मापं मोठा कपडा उसवल्याशिवाय अंगाला बसत नाही.

आता तू न विचारलेलं. म्हातारपणी ताईला हे काय खूळ लागलं, असं तुझ्या मनात आलंच असेल. बाईंनीही विचारलं तेव्हा घरात लग्न आहे म्हणून ठोकून दिलं. खरं कारण आई आहे. ती मला ओळखत नाही, ठकू. तुला मी फोनवर विसरभोळी झालीये एवढंच सांगत आले, कारण तिकडे एकटीने बसून तू रडली असतीस. एका सकाळी मी तिला चहा दिला आणि तिने मला आई म्हणून हाक मारली. मला वाटलं, जीभ घसरली. पण तेव्हापासून मी तिची आईच आहे. भिंतीवरचा आपला फोटो आठवतो ना, जिन्यात बसलेला, तुझे पुढचे दोन दात पडलेले? तो मला दाखवून ती सांगते, या माझ्या मुली. मी म्हटलं, अगं ही थोरली म्हणजे मीच. तर ती तोंडाला पदर लावून हसली. काहीतरीच तुझं, आई, म्हणाली.

मग मी शिवणखोलीतल्या मोठ्या आरशासमोर उभी राहिले. रोज तिथे गिऱ्हाइकांना उभं करते, त्यांच्या खांद्यातला झोळ, कमरेतला झोळ पाहते. स्वतःकडे कधी पाहिलं नव्हतं. नाकापासून ओठापर्यंतच्या दोन रेघा, जबड्याखाली उतरलेले गाल, हनुवटीखाली तीच ती लोंबती घडी. आजी समोर उभी होती, नुसता चष्मा माझा. आईची चूक नव्हती. मला वाटलं, ही घडी थोडी वर चढली तर आतली मी तिला दिसेन. वेडेपणा होता, कबूल आहे. पण तिने एकदा, एकदाच, माझ्याकडे बघून माझं नाव घ्यावं म्हणून मी याहून मोठा वेडेपणा केला असता.

दुसऱ्या खेपेहून मी परतले तेव्हा चेहरा पहिल्यापेक्षा जास्त लाल होता आणि हनुवटी सुजून टम्म झाली होती. आईजवळ बसलेल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं. मागून आई आली आणि मला पाहून थबकली. मला अहोजाहो करून विचारलं तिने, तुम्ही कोण, माझी आई कुठे आहे. मी जवळ गेले तर काकूंच्या पाठीमागे लपली. मग आईला शोधत घरभर फिरली. शिवणखोलीत गेली, गिऱ्हाइकांच्या पडद्यामागे पाहून आली, माझ्या शिलाईमशीनखाली वाकून पाहिलं. शेवटी खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. मी स्वयंपाकघरात गारेगार पाण्याने तोंड धूत उभी होते, सूज उतरावी म्हणून. तिची मुलगी होऊ पाहताना मी तिची आईसुद्धा घालवून बसले होते.

सकाळी चेहऱ्याची सूज बसली, घडी जागेवर आली. आईने माझा हात धरला, कुठे गेली होतीस गं, म्हणाली, आणि फणी पुढे केली. मी तिची वेणी घातली. पुढच्या खेपेला येत नाही, असं बाईंना कळवून टाकलं. त्या चांगल्या आहेत, काही विचारलं नाही. तेव्हापासून आई वेणी घालताना माझ्याजवळ मुलींच्या तक्रारी करते. धाकटी लांब जाऊन बसलीये, तिला म्हणावं जेवत जा वेळेवर. थोरली तोंडाची फटकळ आहे, पण तिच्याशिवाय माझं पान हलत नाही. जन्मात कधी हे तिने मला तोंडावर सांगितलं नव्हतं. माझे डोळे तिला दिसू नयेत म्हणून मी तिच्या मागे बसून ऐकत राहते.

तू मशीनचं का विचारलंस, ते मी ओळखलंय. मी ताई आहे तुझी. गेलीस त्या वेळचा चेहरा घेऊनच आईसमोर यायचं, असं तुझ्या डोक्यात आहे, आणि म्हणून येणं पुढे पुढे ढकलतेस. स्वतःसाठी करायचं असेल तर खुशाल कर, पण आईसाठी नको आणि त्यासाठी थांबू तर मुळीच नकोस. ती तुला मावशी म्हणेल, नाहीतर शाळेतल्या बाई म्हणेल, तुला वाईट वाटेल, ते आपण दोघी मिळून सोसू. आईसाठी तुला बोलावत नाही मी. तिला तिची आई मिळाली आहे, ती सुखात आहे. या घरात सगळे मला आई म्हणतात, काकू म्हणतात, शिवणवाल्या बाई म्हणतात. ताई म्हणणारं कोणी नाही. फोनवर तू म्हणतेस तेव्हा मी उगाच ऐकू आलं नाही म्हणते, म्हणजे तू पुन्हा म्हणशील. सुरकुत्या, पांढरे केस, असशील तशी ये. खाली जिन्यातूनच हाक मार, मी दार उघडंच ठेवते.

तुझीच,
ताई