गेंदिसला शाळेतून काढल्याचे कारण लेखी मिळणेबाबत

दिनांक : शुक्रवार, १५ सप्टेंबर २०२३

प्रति,
मा. जिल्हा शिक्षणाधिकारी,
जिल्हा शिक्षण कार्यालय, कारांगवारू

मार्फत : मा. मुख्याध्यापक, शासकीय माध्यमिक शाळा क्र. २, वातुकेरिंग
(त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिला. सबब थेट पाठवत आहे.)

अर्जदार : रेतनो पालुपी, इयत्ता नववी ब

विषय : वर्गमैत्रीण गेंदिस हिला शाळेतून काढल्याचे कारण लेखी मिळणेबाबत, तसेच मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे चित्रपत्रक "मी मोठी होते आहे", जे पॅडच्या खोक्यांबरोबर आमच्या शाळेत आले.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवते की, मी सदर शाळेत नववीत शिकते, वर्गाची उपप्रमुख आहे आणि तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत यंदा दुसरी आले आहे. पहिली यायला हवी होते, पण तो वेगळा अर्ज होईल. हे सांगण्याचे कारण एवढेच, की स्पर्धेपासून मला मोठ्या माणसांसमोर बोलायची भीती वाटत नाही, त्यामुळे या अर्जात एखादे वाक्य जरा मोठ्याने बोलल्यासारखे वाटले तर राग मानू नये.

१. गेंदिस माझी शेजारीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आई मलेशियात एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी कामाला आहे, म्हणून ती आजीजवळ राहते. गणितात ती माझ्या पुढे आहे. आम्ही दोघींनी लहानपणापासून हातांनी बोलायची आमची एक भाषा केली आहे, तिच्यात शिव्याही आहेत. आमच्या शाळेच्या फाटकावर "सर्वसमावेशक शाळा" असा निळा फलक लागला तो गेंदिसला प्रवेश दिल्यावर. तो फलक लागायला जशा विद्यार्थ्यांची गरज असते, तशी आमच्याकडे ती एकटीच होती.

२. या शालेय वर्षाच्या सुरुवातीला आपल्या कार्यालयाकडून मुलींसाठी पॅडची खोकी आली. छान समारंभ झाला. गेंदिसला पुढच्या रांगेत बसवून तिच्या मांडीवर खोके ठेवून फोटो काढला, तो आपल्या कार्यालयातही लागला असेल. खोकी आमच्या वर्गशिक्षिका बु (म्हणजे बाई) विनार्सिह यांच्या कपाटात असतात. मागितले की त्या देतात, वर काही बोलत नाहीत. त्यांच्याबद्दल या बाबतीत माझी तक्रार नाही.

३. तक्रार पाण्याची आहे. साहेब, आपण इथलेच, त्यामुळे पुढची गोष्ट आपल्याला माहीत असणार, तरी अर्जात लिहिणे भाग आहे. आमच्या आया, आज्या, बाजारातल्या बायका, खुद्द बु विनार्सिह, सगळ्या जणी वापरलेले पॅड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतात, पिळतात आणि मगच गुंडाळून टाकतात. रक्तासकट टाकले तर लांब केसांची हडळ येऊन ते चाटते आणि जिचे असेल तिच्या मागे लागते, असे आमच्याकडे दूध पिणाऱ्या पोरीलाही ठाऊक आहे. विज्ञानात मला कायम चांगले गुण असतात, तरी मीही धुते. आपल्या घरातल्याही धुत असतील.

आता आमचा भाग चुनखडीचा. कोरड्या महिन्यांत पाणी टँकरने येते. शाळेचे पाणी आधी नमाजाच्या हौदात जाते, मग शिक्षकांच्या स्वच्छतागृहात. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते, कारण पाण्याविना ते घाण होईल. म्हणजे पॅड मिळते, पण बदलले तर जुने धुवायचे कुठे? न धुता टाकायचे कसे? मग सकाळी घरून लावलेले तेच दुपारपर्यंत. त्या दिवसांत मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, म्हणजे जावेच लागू नये. काही जणी येतच नाहीत. ज्या येतात त्या बाकावरून उठत नाहीत आणि शिक्षक म्हणतात, आजकालच्या मुली आळशी झाल्या आहेत.

४. या विषयाचा तास आमच्याकडे शुक्रवारी होतो, मुलगे दुपारच्या नमाजाला मशिदीत गेले की. मुलग्यांना यातले काही कळू नये अशी त्यात सोय आहे. त्या तासाला गेंदिसला मुलग्यांच्या सायकलींवर लक्ष ठेवायला बाहेर बसवले होते. मी विचारले तेव्हा बु विनार्सिह म्हणाल्या, "अगं, तिला ऐकू येत नाही, उगाच बसून कंटाळेल बिचारी." धुण्याची गोष्ट, हडळीची गोष्ट, सगळे त्या तासाला तोंडानेच सांगितले गेले. आजीने घरी सांगितले नाही, कारण आजीला वाटले शाळेत सांगितले. मी सांगितले नाही, कारण तिचे अजून सुरूच झाले नव्हते.

५. गेंदिसचे पहिल्यांदा सुरू झाले ते शाळेत. ती घाबरली नाही, कारण तिच्या दप्तरात आपले पत्रक होते. त्यात सगळी चित्रे आहेत, शब्द फार थोडे, म्हणजे ते जणू तिच्यासाठीच छापलेले. मुलगी पाकीट उघडते, मुलगी पॅड लावते, मुलगी जुने पॅड कागदात गुंडाळते, मुलगी ते कचऱ्यात टाकते आणि हात धुऊन हसते. जुने पॅड धुण्याचे चित्र त्यात नाही. गेंदिसने बु विनार्सिह यांच्याकडून पॅड घेतले, शिक्षकांच्या स्वच्छतागृहात कोणी नसताना जाऊन पत्रकात होते तसेच लावले आणि दुपारी बदलून जुने कागदात गुंडाळले. झाकणाचा डबा आमच्याकडे नाही, म्हणून ते शाळेचा कचरा जिथे जाळतात त्या खड्ड्यात नेऊन टाकले. महोदय, आमच्या संपूर्ण शाळेत आपल्या कार्यालयाच्या सूचना तंतोतंत पाळणारी ती एकच मुलगी आहे.

६. त्यानंतरच्या सोमवारी ध्वजवंदनाला उन्हात उभे असताना आठवीतली एक मुलगी पडली आणि ओरडू लागली. मग तिच्या शेजारची. मग रांगेरांगेने. मीही पडले. त्यामुळे पुढील मजकूर ऐकीव नाही. माझा त्या वेळी पाळीचा तिसरा दिवस होता, सकाळपासून घोटभर पाणी प्यायले नव्हते, डोळ्यांपुढे झेंडा काळा झाला. ओरडायला कोणी लावले म्हणाल, तर मला कोणी लावले नाही. बाकीच्या ओरडत होत्या आणि मलाही फार दिवसांपासून ओरडायचे होते असे तेव्हा लक्षात आले.

मुख्याध्यापक पाक (म्हणजे सर) सुबाग्यो यांनी दवाखान्याऐवजी मंत्र फुंकणारे पाक कारसो यांना बोलावले. त्यांनी माझ्या पायाचा अंगठा दाबून विचारले, "बोल, कोण आहेस तू?" मी म्हटले, "रेतनो पालुपी, नववी ब." ते मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "हुशार आहे. पोरीचं नाव बरोबर सांगतेय." मग त्यांनी शाळेभोवती एक फेरी मारली. कचऱ्याचा खड्डा कुत्र्यांनी उकरला होता. पाक कारसो काठीच्या टोकावर ते पॅड धरून मैदानात घेऊन आले.

७. सगळ्या शाळेसमोर विचारण्यात आले, हे कोणाचे. सगळ्या मुलींनी माना खाली घातल्या. मीही घातली. गेंदिसने काठीकडे पाहिले, आपली वस्तू ओळखली आणि हात वर केला. वर्गात उत्तर येत असले की ती करते तसा, कोपर सरळ ठेवून.

तेव्हा हौदातून एक बादली भरून आणण्यात आली. शाळेत मुलींसाठी आलेले पाणी मी तेवढेच पाहिले आहे. गेंदिसला मैदानाच्या मधोमध बसवून सर्वांच्या देखत ते धुवायला लावले. कसे धुवायचे तिला माहीत नव्हते. बु विनार्सिह दुरून हातांनी चोळून दाखवत होत्या आणि रडत होत्या. मुलग्यांच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "ए लॉन्ड्री, किलोला कसं?" आणि सगळे हसले. तिला ऐकू आले नाही, पण हसणारी तोंडे दिसली. तीही थोडी हसली. मग तिने माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला समजले.

८. त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी तिला खोलीत बोलावून, हडळ तिच्या मागे लागली आहे, इतर पालक घाबरले आहेत, सबब तिने शाळेत येऊ नये असा तोंडी आदेश दिला. ऐकू न येणाऱ्या मुलीला तोंडी आदेश. मोठी माणसे बोलू लागली की गेंदिस मान हलवते, न हलवली तर ती चिडतात असा तिचा अनुभव आहे. तिने मान हलवली. शाळेच्या म्हणण्यानुसार तिने हे मान्य केले. दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे आली आणि फाटक तिच्यासमोर लावून घेण्यात आले. वर तो निळा फलक आहेच.

मी मुख्याध्यापकांना भेटले. ते म्हणाले, "काढलं कुठे? विश्रांती दिलीय तिला." मी म्हटले, पाक, मग विश्रांती दिल्याचे लिहून द्या, कधीपर्यंत तेही लिहा. ते म्हणाले, "असलं काही लिहायचं नसतं, पोरी. तिचंच नाव खराब होईल. तू हुशार आहेस, तुझं बक्षीस मी स्वतः जाहीर केलं होतं ना? मग तुला कशाला हवंय हे झेंगट?"

९. आता गावात टँकरच्या रांगेत बायका गेंदिसच्या आजीच्या मागे उभ्या राहत नाहीत. आजी सगळ्यांच्या शेवटी कळशी लावते, तोवर तळचा गाळ येतो. गेंदिस दिवसभर काही ना काही धुते. आधी कपडे, मग आजीची भांडी, मग चप्पल, मग पुन्हा तेच कपडे. आजीने कळशी काढून घेतली तर कोरड्या हातांनी चोळत बसते. परवा तिने आपले पत्रक माझ्यापुढे ठेवले आणि एकेका चित्रावर बोट ठेवून विचारले : इथे चुकले? इथे? इथे? मी प्रत्येक वेळी नाही म्हटले. शेवटच्या चित्रानंतर तिने कागद उलटा करून मागे पाहिले. मागे कोरे आहे.

सुराबाया शहरातल्या बंगल्यांत कामाला मुली नेणारी एक मावशी आहे, ती सोमवारी दुपारच्या बसने गेंदिसला नेणार आहे. चौदा वर्षांची आहे ती. मावशी आजीच्या ओट्यावर बसून म्हणाली ते मी माझ्या कानांनी ऐकले : "बहिरी आहे ते उलट बरं. त्या लोकांना अशीच लागते. घरात काय झालं ते बाहेर सांगायची नाही." मावशी गेल्यावर आजी मला म्हणाली, "शाळेनं सोमवारी आत घेतलं तर मी कशाला पाठवू गं? पण घेतलं नाही तर मी हिला ठेवू कुठे? मी मेल्यावर हिच्याशी हातांनी बोलणार कोण?"

सबब विनंती खालीलप्रमाणे :

(अ) गेंदिसला शाळेतून काढले असल्यास कोणत्या नियमाखाली काढले, ते कारणासह लेखी द्यावे. त्यात "हडळ" हा शब्द लिहून खाली सही करायची तयारी असेल तर तीही करावी.

(ब) मुलींच्या स्वच्छतागृहाचे कुलूप काढून तिथे पाणी द्यावे. त्यासाठी पॅड कमी पाठवली तरी आमची हरकत नाही.

(क) धुवायचे की नाही, हे कार्यालयाने एकदा ठरवावे. धुवायचे असेल तर पत्रकात तसे चित्र घालावे. नसेल तर तसे आमच्या आयांना, मुख्याध्यापकांना आणि पाक कारसो यांना बसवून समजावावे. आम्हा मुलींना एकीकडून पत्रक आणि दुसरीकडून हडळ असे मधे उभे करू नये.

(ड) सदर तास मुलगे मशिदीत गेल्यावर न घेता सर्वांचा एकत्र घ्यावा. ऐकू न येणाऱ्यांसाठी हातांनी सांगणारे माणूस द्यावे. नसल्यास मी सांगेन, मानधन नको.

येत्या सोमवारी सकाळी गेंदिस गणवेशात ध्वजवंदनाला येईल आणि नववी ब च्या रांगेत माझ्या शेजारी उभी राहील. तिचा यास होकार आहे. तो मी मान हलवण्यावरून धरलेला नाही, तीन वेळा विचारून घेतला आहे. ती फार घाबरलेली आहे. स्वतःसाठी नाही, तिला वाटते की ती उभी राहिली की मुली पुन्हा पडतील आणि ते तिच्यामुळे असेल. पडणार नाहीत, असे वचन मला तिला देता आले नाही, कारण ऊन तेच आहे आणि कुलूपही तेच आहे. पण कोणी पडलेच, तर मी आधी पाणी मागेन आणि पाणी येईपर्यंत कोणालाही काठी घेऊन मैदानात फिरू देणार नाही, एवढे सांगितले आहे.

कार्यालयाचा काही आदेश असल्यास तो सोमवारच्या आत, कागदावर, सहीनिशी यावा. तोंडी सांगितलेले त्या दिवशी आम्हा दोघींनाही ऐकू येणार नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत उभी असलेली आपली विद्यार्थिनी,
रेतनो पालुपी
नववी ब, वातुकेरिंग

सोबत :
१. चित्रपत्रकाची प्रत. (मूळ पत्रक गेंदिसकडे आहे, ती देत नाही.)
२. नववी ब मधील मुलींच्या सह्या. दोघींनी घरी विचारल्यावर स्वतःची नावे खोडली, ती खोडलेलीच ठेवली आहेत. आठवीतल्या, सर्वांत आधी पडलेल्या मुलीची सही पहिली आहे.