लाइन सोडायची नाही

३ जानेवारी, शनिवार
अजमानच्या मराठी फुटबॉल टीममध्ये निवड झाली. उजवा विंगर! कॅप्टन निनाद, सत्तावीस वर्षांचं पोरगं. म्हणे, अकरा भरत नव्हते. म्हणू दे. अनुपमा म्हणाली, आधी गुडघ्याचा पट्टा शोध. बायकोला खेळातलं काय कळणार! अस्मी स्वतः शाळेच्या टीमची विंगर. तिला म्हटलं, बापाला बघायला ये. म्हणाली, मेबी. म्हणजे येणार.

५ जानेवारी
नेटवर हॅरल्ड पिम सापडला. १९४८ ते ६१, इंग्लंडमध्ये एकाच क्लबचा उजवा विंगर. तेरा वर्षं लाइनला चिकटून. मागे धावायचं नाही, बॉल आपल्याकडे यायची वाट बघायची. हल्लीचे विंगर नुसते सैरावैरा पळतात. अस्मीचा कोच तेच शिकवतो. बिचारी.
संकल्प: रोज पाच किलोमीटर. पिमच्या काळातली नियमावली डाउनलोड केली. अभ्यास मुळापासून हवा.

६ जानेवारी
धावलो नाही. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास ब्रेक दाबला. पोटऱ्यांना तेवढं पुरे.

१० जानेवारी
टूर्नामेंटची पहिली मॅच. पूर्णवेळ लाइनवर. बॉल एकदा आला, तोही बाहेर जाताना. निनाद ओरडत होता, अंकल, मागे या, यल्ला, लवकर! पिमला कोणी अंकल म्हटलं असतं? जिंकलो. त्यांचा एक डिफेंडर मी अडकवून ठेवला होता. आमचा गोलकीपर वासुदेव म्हणतो, तो डिफेंडर मोबाइल बघत होता. गोलकीपर तो गोलकीपरच.

१७ जानेवारी
सेमीफायनल. बेंचवर. पिमलाही १९५४ मध्ये अख्खा सीझन बसवलं होतं. मला फायनलसाठी राखलंय, उघड आहे.

२४ जानेवारी, सकाळ
रास अल खैमाच्या टीमशी फायनल. अस्मी येतेय!

संध्याकाळ
प्रत्येक टीमने एक लाइन्समन द्यायचा असतो. निनादने झेंडा माझ्या हातात दिला. म्हणाला, अंकल, लाइनवर तुमच्याइतकं टिकून कोण उभं राहतं? पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला.
शून्य-शून्य. शेवटच्या मिनिटाला निनादचा गोल. सगळे नाचले. मी झेंडा वर केला. ऑफसाइड! पास निघाला तेव्हा निनाद शेवटच्या डिफेंडरच्या अगदी बरोबरीत होता. नियमाप्रमाणे मागेच हवा. स्वतःच्या टीमविरुद्ध कोण खोटं सांगेल, म्हणून रेफरी अक्रमने गोल रद्द केला. पेनल्टीवर हरलो. ज्ञानी माणूस या लोकांना झेपत नाही.
गाडीत अस्मी म्हणाली, बाबा, लेव्हल इज ऑनसाइड. सिन्स नाइन्टीन नाइन्टी.

२५ जानेवारी
नियमावली १९५२ ची निघाली. बदल केले तेव्हा मला कोणी कळवलं नाही. टीमच्या ग्रुपमधूनही काढलंय. खलास.

३१ जानेवारी
अस्मीच्या शाळेची मॅच. मीच विचारलं, येऊ का? म्हणाली, ओके, बट सिट विथ आई. वाईट वाटलं. गेलो.
अस्मीने गोल मारला. काय मारला! टाळ्या मात्र वाजवता आल्या नाहीत. अस्मीकडे पास निघाला तेव्हापासूनच अनुपमाने माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते.