रविवारचे फोन

१७ सप्टेंबर

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम, तिकडची खुशाली कळवणे. आई अशीच सुरुवात करायची, म्हणून मीही केली. बाकी सर्व क्षेम काही नाही, हे तुलाही माहीत आहे. बाबांना जाऊन महिना होत आला. तू फोन करतेस आणि मी उचलत नाही. तुझा मेसेज मात्र वाचला: ‘शेवटच्या रविवारी बाबा काय काय बोलले, ते एकदा नीट सांग.’ तेच सांगायला बसलोय. पण तू मला ओळखतेस, मुद्द्यावर यायला मला वळसा लागतो.

आधी चांगली बातमी. मी बोलायला शिकतोय. गेल्या वर्षापासून दर मंगळवारी संध्याकाळी एका वर्गाला जातो. तिथे माझ्यासारखीच माणसं असतात, चार लोकांत गेलं की दातखिळी बसणारी. पहिल्या दिवशी समुपदेशक बाई म्हणाल्या, “कुणाला बोलावंसं वाटलं नाही तर सक्ती नाही.” सगळ्यांना इतकं हायसं वाटलं, की बराच वेळ कुणी बोललंच नाही. माझ्या शेजारी एक बस ड्रायव्हर बसतो. बसभर माणसं पाठीशी घेऊन गाडी हाकतो, पण त्यातल्या एकानं जरी ‘माझा स्टॉप कधी येईल?’ विचारलं तरी त्याला घाम फुटतो.

बाई गृहपाठ देतात. एकदा काय, तर हातात घड्याळ असताना रस्त्यावर कुणाला तरी वेळ विचारायची. मी एका गृहस्थांना गाठलं. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. “तुमचं बंद पडलंय का?” मी ततपप करत ‘हो’ म्हणालो. तर ते भले गृहस्थ माझा हात धरून घड्याळ कानाला लावून ऐकायला लागले! “चाललंय की हो व्यवस्थित,” म्हणाले. पूर्वीचा मी असतो तर आठवडाभर त्या रस्त्यानं गेलो नसतो. या वेळी म्हणालो, “मग माझंच काहीतरी बंद पडलं असेल.” ते हसले, मीही हसलो.

दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत कवळ्या बनवायचं काम मी का धरलं, हे तुला वेगळं सांगायला नको. पेशंट पुढे, मी मागे, मध्ये दार. मला भेटतात ते माणसांचे प्लास्टरचे जबडे, आणि ते काही विचारत नाहीत. पण उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंनी मला पुढे बोलावलं. एका आजींच्या दातांचा रंग ठरत नव्हता. आजी म्हणाल्या, “फार पांढरे नकोत रे, लोकांना वाटायचं उसने आणलेत.” मी म्हणालो, “उसनेच आहेत आजी, पण परत कुणी मागणार नाही.” आजी बोळक्या तोंडानं खदखदून हसल्या. ताई, मी विनोद केला! अनोळखी माणसासमोर! त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा वाटलं, की हे बाबांना सांगावं.

खरं तर सगळा खटाटोप बाबांसाठीच चालला होता. बाईंनी विचारलं होतं, “सगळ्यात अवघड कुणाशी बोलणं?” मी म्हणालो, “वडिलांशी.” त्या म्हणाल्या, “मग त्यांना शेवटी ठेवू. आधी सोपी माणसं.”

तू म्हणशील, बाबांशी तर तू दर रविवारी बोलत होतास.

नाही ताई. एकदाही बोललो नाही.

आमच्यात भांडण नव्हतं. भांडायलाही बोलावं लागतं. आई होती तोवर ती आमची दुभाषी होती, नंतर तू. तू लांब गेलीस तेव्हा निघताना म्हणालीस, “दर रविवारी त्यांना फोन करत जा, एवढंच मागते.” मी करत गेलो. पण कधी, तर ते फिरायला बाहेर पडल्यावर. बाबा मोबाईल घेईनात, घरातला जुना फोन तेवढा होता. तो रिकाम्या घरात वाजायचा, मी ऐकायचो, थांबला की ठेवून द्यायचो. फोन केला, हे खोटं नव्हतं. मग तू विचारलंस की मी सांगायचो, गुडघा बरा आहे, पेपर येतो, भूक लागते.

आणि बाबाही तुला सांगायचे, “हो, येतो ना त्याचा फोन. हल्ली बरंच बोलतो.” ते तू मला किती कौतुकानं कळवायचीस! दोघांची अळीमिळी गुपचिळी. मला वाटायचं, बाबा मला पाठीशी घालतायत. त्याची इतकी लाज वाटायची, की खरा फोन करणं आणखी अवघड होऊन बसलं.

शेवटी त्यांची पाळी आली. वर्गात रंगीत तालीम झाली, ड्रायव्हर बाबा झाला. बंद फोन कानाला लावून म्हणाला, “काय रे, जेवलास का?” मी त्याला आजींची गोष्ट सांगितली, दवाखान्याची सांगितली, न अडखळता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, “येत्या रविवारी खरा फोन. ते घरी असताना.” मंगळवारची गोष्ट. शुक्रवारी बाबांच्या शेजारच्या शिक्षिकाबाईंचा फोन आला, बाबा झोपेतच गेले म्हणून.

ड्रायव्हरशी बोललो, आजींशी बोललो, रस्त्यावरच्या माणसाशी बोललो. बाबांना मी सगळ्यात शेवटी ठेवलं. याचं मला फार वाईट वाटतं, ताई, आणि ते काही केल्या कमी होत नाही.

पुढचं लिहायला तीन दिवस पत्र अडून होतं. मागच्या आठवड्यात घर आवरायला गेलो होतो. शिक्षिकाबाई किल्ली द्यायला आल्या आणि फोनजवळची खुर्ची बघून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, “रविवारी इथेच बसायचे हो.”

मी म्हणालो, “रविवारी तर ते फिरायला जायचे.”

“छे! ते कधीच सोडलं त्यांनी. ठरल्या वेळी तुमची रिंग आली की खुर्ची ओढून बसायचे. मी एकदा म्हटलंसुद्धा, अहो उचला की! तर म्हणाले, ‘त्याला वाटतंय मी घरी नाही. उचलला तर पोरगा दचकेल, पुन्हा करायचा नाही.’ वाजून थांबला की उठायचे. ‘चला, बरा आहे,’ म्हणायचे.”

शिक्षिकाबाई गेल्यावर मी त्या खुर्चीत बसलो. रडायलाही मला एकटेपणा लागतो, तो तिथे भरपूर होता.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. तू लिहिलं आहेस, की तुला येता आलं नाही, पण बाबांचं एक वाक्य तू रोज मनात म्हणतेस: ‘पोरीची फार आठवण येते.’ ते त्यांनी मला सांगितलं, असं मी तुला जुलैत कळवलं होतं. ताई, ते वाक्य बाबांचं नव्हे. त्यांनाही आठवण येत असणारच, पण माझ्यापाशी ते बोलले नाहीत. आठवण मला येत होती. स्वतःच्या तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांच्या नावावर खपवली. तुझ्याकडून ते वाक्य आज मी काढून घेतोय. रागाव, पण ते खोटं जपून ठेवू नकोस.

तुझा फोन येतो तेव्हा मी समोर ठेवून बघत बसतो. उचलला तर हे सांगावं लागेल, याची भीती वाटते. काल वाजून थांबला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “चला, ताई बरी आहे.” स्वतःच्याच आवाजानं दचकलो. कारण मी बरा आहे की नाही, हे तुला तिकडे कसं कळणार होतं? बाबांना वाटायचं आपल्याला कळलं. त्यांना तरी काय कळलं होतं?

पत्र पोचलं की फोन कर. रागावून केलास तरी चालेल. मी उचलेन. लगेच शब्द फुटतील याची खात्री नाही, नुसता श्वास ऐकू येईल कदाचित. तेवढा वेळ ठेवू नकोस.

तुझा भाऊ,
जो घरीच आहे