पांढऱ्या कुर्त्याची नीळ

श्री. देवराव भाऊजी, मुक्काम वरचा मजला,

खालच्या मजल्यावरून वहिनीचा नमस्कार, हात न जोडता.

माझ्या लेकीनं, हर्षानं, मले धंतोलीतल्या दवाखान्यात नेऊन दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढून आणला. घरी येऊन कपाट उघडलं, तर माझे सगळे पांढरे लुगडे निळे! डॉक्टरले विचारलं. तो म्हणे, "आजी, डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की पांढरंही पिवळट दिसते." म्हणून मी दोन वर्षं तुमच्या कुर्त्यांसकट साऱ्या धुण्यात नीळ वाढवत राहिले.

अन् तुम्ही? जन्मभर पोराइले विज्ञान शिकवलेले हेडमास्तर! तुमाले तर सारं दिसत होतं. आपले कुर्ते तुम्ही गुपचूप सदर भागातल्या लाँड्रीत देऊ लागले. "वहिनी, डोळे दाखवून घ्या," एवढं बोलायले मात्र तुमची जीभ उचलली नाही. पाव्हण्यांसमोर ती बरी चाले: "वहिनीचं डोकं फिरून राहिलं." मलेही ते खरं वाटलं, भाऊजी. चहात साखर टाकायचीसुद्धा भीती वाटे.

आता मले लख्ख दिसते. तुमच्या केसांचा कलप कानावर उतरला, तोही दिसते.

हे पत्र वर पाठवत नाही. तुम्ही त्यातल्या चुका काढत बसाल. तुमच्या उद्याच्या सत्कारासाठीचा पांढरा कुर्ता लाँड्रीवाला खालीच ठेवून गेला, तेवढा पाठवते. मी तो पुन्हा धुतला आहे. नीळ डोळ्यांनी नीट पाहिली, अन् मग मूठभर टाकली.

डोकं ठिकाणावर असलेली,
शामला