माणसाला हत्याराचं नाव लावायचं नाही

२० सप्टेंबर, शनिवार
सकाळी शटर वर केलं तर पायरीवर तिघं बसलेले. एकाला डिसमिस हवा, दुसऱ्याला पेचकस, तिसरा नुसतंच मनगट फिरवून दाखवत होता. तिघांना एकाच खोक्यातून काढून दिलं. उंबरगावचा गुजराती सुतार लाकूड तासायला वांसलो मागतो, मी आपला मराठी वाकस देते, दोघंही खूश.

तलासरीच्या नाक्यावर बत्तीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात बसल्यावर माणसं बघितली तरी हत्यारंच दिसतात, त्याला मी काय करू? समोरचा मेडिकलवाला पहार गिळल्यासारखा चालतो. शेजारची झेरॉक्सवाली बोलायला लागली की गिरमिट, थेट मेंदूपर्यंत. आणि आमचे हे म्हणजे कानस. आवाज नाही, पण दिवसभर घासतात.

ह्यांनी आठवण करून दिली, परवा घट. म्हणजे सासूबाईंचा नियम सुरू. घट बसले की दसऱ्यापर्यंत हत्याराचं नाव माणसाला लावायचं नाही. हत्यारं देवाला बसायची असतात, त्यांच्या नावाने कुणाला हिणवलं तर हत्याराचा अपमान. माणसाच्या अपमानाबद्दल सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. त्या जाऊन अकरा वर्षं झाली, पण फोटो बरोबर गल्ल्याच्या वर.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. पंचांग बघितलं तर यंदा तृतीया दोनदा, म्हणजे एक दिवस जास्तीचा. माझ्याच नशिबी.

ह्यांनी कॅलेंडर खाली काढलं. मी चुकले की फुली मारणार म्हणे. एवढा उत्साह ह्यांनी लग्नात दाखवला नव्हता.

प्रश्न: वहीत लिहिलेलं चालतं का? सासूबाईंना विचारायचं राहिलं. उगाच धोका नको. अडेल तिथे नुसतं ह. लिहीन.

२३ सप्टेंबर, मंगळवार
झेरॉक्सवाली आली. पाऊण तास. डोक्याला ह. लावून गेली. मी गप्प. दुपारी डोकं दुखलं, ते तिच्यामुळे की गप्प बसल्यामुळे, कळलं नाही.

मीटर बघायला आलेल्या माणसाचा एक ह. ढिला आहे. हेही बोलले नाही.

फुल्या: शून्य.

२४ सप्टेंबर, बुधवार
नितीन जेवताना म्हणाला, "आई, एक मुलगी आहे." भाकरी हातातच राहिली. चौतीस पूर्ण झालेला मुलगा हे वाक्य बोलतो तेव्हा आईने काय करायचं असतं? मी वाढलेल्याच ताटात परत भात वाढला.

मुलगी प्रांजल. इथल्या दवाखान्यात नर्स. नळाचा वॉशर न्यायला यायची, जूनपासून चार वेळा आली. एका नळाला किती वॉशर लागतात! मला तेव्हाच कळायला हवं होतं. घर बोर्डीला. वडील नाहीत, चिकूची वाडी आई एकटी बघते. ती आई घर बघायला येणार, नवमीला. प्रांजलला तोच दिवस सुट्टीचा मिळाला म्हणे.

मी म्हटलं, "मुलगी कशी आहे?"
नितीन म्हणाला, "आई, प्लीज. तू काही म्हणू नकोस."
अजून बघितलीही नाही नीट आणि म्हणू नकोस!

२५ सप्टेंबर, गुरुवार
परत तृतीया. आज प्रांजल दुकानात आली. मुद्दाम आली असणार. वॉशर मागितला नाही. "काकी, बरं आहे ना?" म्हणाली. उंच आहे. हसताना तोंडावर हात ठेवत नाही. मला काहीतरी खुपेल म्हणून वाट बघितली, खुपलं नाही. जरा चुटपुट लागली.

२७ सप्टेंबर, शनिवार
फुली एक. तारेचा गठ्ठा उतरवणाऱ्या टेम्पोवाल्याला म्हणाले, "अरे, हातोड्यासारखा आपटतोस काय?" हे आतून धावत आले पेन घेऊन. मी म्हटलं, आपटण्याला म्हटलं, माणसाला नाही. ह्यांनी विचार केला आणि अर्धी फुली मारली. कॅलेंडरवर नुसती एक तिरकी रेघ दिसते आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार
दिवसभर हत्यारं पुसली. सासूबाईंच्या पद्धतीत नवं-जुनं नसतं, सगळा माल पूजेला. करवती, रंधे, पटाश्या, पक्कडी, कुदळी, इळे, खोक्यातले दोनशे डिसमिस. घरातली विळी, सुरी, अडकित्ता, शिलाईची कात्रीही त्यातच. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या पूजेपर्यंत एकही उचलायचं नाही. शटर खाली.

उद्याच्या पाहुणीसाठी भाजी आजच चिरून ठेवली. श्रीखंड आणलंय. ह्यांना बजावलं, उद्या घासायचं नाही. ते म्हणाले, "तू उद्या तोंडच उघडू नकोस." चांगलं ऐकवलं मला. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. नितीन तीन दिवस आरशासमोर उभा राहतोय.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

अकराला आल्या. प्रांजल आणि आई मीनाताई. साठीच्या, सडसडीत, हाताला वाडीत काम केल्याचे घट्टे. बोलायला कमी, विचारायला जास्त. नितीनला विचारलं, स्वयंपाक येतो का. रात्रपाळी असली तर मुलीला आणायला कोण जाणार. माझ्याकडे बघून, "आणि तुमचं कसं, ताई? सून नोकरीची चालेल?" मी फक्त हो म्हणाले. हे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. असं चाललं असतं तर आज मी सुखी असते.

मग मीनाताई बाथरूमला गेल्या.

आमच्या बाथरूमची कडी दोन वर्षांपासून अडकते. आम्ही तिघं कडी लावतच नाही, आतून दाराला बादली लावतो. हे आम्हाला इतकं सवयीचं आहे की पाहुणीला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खाली दुकानात अठरा प्रकारच्या कड्या.

कडी लागली. लागली ती लागलीच.

आतून आधी खटखट, मग शांत आवाज: "दार उघडत नाहीये." नितीनने खांदा लावला. दार पावसात फुगलेलं, हललंही नाही. प्रांजल म्हणाली, "आई, घाबरू नकोस." मीनाताई आतून म्हणाल्या, "मी कुठे घाबरलेय? कडीचे स्क्रू आतल्या बाजूला आहेत. दाराखालून एक डिसमिस द्या, मीच काढते."

नितीन जिन्याकडे पळाला. आणि मी त्याला अडवलं.

देवा, मीच अडवलं. "हत्यारं पूजेला बसलीत, हात लावायचा नाही." तोंडातून निघून गेलं. नितीन माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याची कुणी नाहीच. हे म्हणाले, "अगं, त्या आत आहेत." मी म्हटलं, माहितीये मला. पण जिन्यासमोरून बाजूला झाले नाही. लग्नानंतरच्या पस्तीस वर्षांत एकाही नवमीला एक खिळा उचललेला नाही. मी बाळंतीण होते त्या नवमीलाही सासूबाईंनी चुलीची सांडशीसुद्धा दिली नव्हती.

खाली चारशे हत्यारं फुलं लावून बसलीत आणि वर बाथरूममध्ये विहीण, म्हणजे होणारी, म्हणजे आता कसली होते.

सुरी? पूजेत. विळी? पूजेत. शेजारून मागावं तर मेडिकलवाल्याचीही कात्री पूजेत. शेवटी ह्यांनी स्वयंपाकघरातून उलथणं आणलं. मग वाद, उलथणं हत्यार की भांडं. हे म्हणाले भांडं. नितीन म्हणाला, काहीही असो, पूजेत नाही ना! दाराखालून उलथणं सरकवलं.

आत खरडल्याचा आवाज सुरू झाला आणि माझा इतक्या दिवसांचा बांध फुटला. नितीनला म्हटलं, नुसता पहारीसारखा उभा काय राहिलास. ह्यांना म्हटलं, आता कानस बंद करा. प्रांजलला काही म्हणाले नाही, देवाची कृपा. मग ह्यांना बाजूला घेऊन, अगदी हळू, म्हटलं, "ही बाई म्हणजे पाचर आहे. मघाशी बोलण्यात मध्ये मध्ये घुसत होती, आता दारात अडकलीय."

बाथरूमला वर झरोका आहे. तो बरोबर आमच्या डोक्यावर उघडतो.

खरडणं थांबलं. मग आतून: "ताई, पाचर नसली तर कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निघून लोकांच्या डोक्यात बसतं."

परत खरडणं सुरू. पाच मिनिटांनी कडी निखळून पडली, दार उघडलं. मीनाताई बाहेर. एका हातात उलथणं, दुसऱ्या हातात चार स्क्रू. स्क्रू माझ्या हातात दिले. जेवल्या. श्रीखंड नको म्हणाल्या. दीडच्या बसने गेल्या.

हे संध्याकाळी कॅलेंडरसमोर उभे होते. फुली मारली नाही. पेन ठेवून दिलं. त्याचंच मला जास्त लागलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
हत्यारं उचलली. नवी कडी मी स्वतः बसवली, दहा मिनिटं लागली.

नितीन आपट्याची पानं घेऊन बोर्डीला जाऊन आला. "सोनं घेतलं. चहा दिला. काही बोलल्या नाहीत." प्रांजल ड्युटीवर होती.

५ ऑक्टोबर, रविवार
काही नाही. नियम संपलाय, आता कुणालाही काहीही म्हणता येतं. झेरॉक्सवाली आली तेव्हा गिरमिट म्हणायची छान संधी होती. म्हणाले नाही. मजाच गेली.

७ ऑक्टोबर, मंगळवार
नितीनला विचारलं, फोन आला का. तो बिजागऱ्या मोजत होता. मोजता मोजताच बोलला, मान वर न करता.

"आई, आधी बघितलेल्यांतली पहिली मुलगी तुला बोथट वाटली. वाणगावची होती तिला तू गुण्याच्या काटकोनात नाही म्हणालीस, चालताना एका बाजूला कलते म्हणून. तिसरी रंधा, सगळ्यांना तासते म्हणून. ती मला चारोटीला भेटते कधी कधी. तिला दोन मुलं आहेत. तिच्या सासूला ती छान वाटते."

मी म्हटलं, "मी गमतीने म्हणायचे."
"मला माहितीये. मीही हसायचो. तेच चुकलं."

मागच्या खोलीत फावड्यांच्या मागे जाऊन रडले. मला वाटायचं, मी माणूस बरोबर ओळखते. मला मुलगा सोडायचा नव्हता, एवढंच होतं. सोडायचा नव्हता म्हणून प्रत्येकीला काहीतरी नाव. हे लिहायला मला एक पान लागलं. आधीची दोन ओळींची वाक्यं खोडली.

८ ऑक्टोबर, बुधवार
मीनाताईंना चिठ्ठी लिहायला बसले. "त्या दिवशी माझ्या जिभेची करवत झाली", खोडलं. "मी स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड", खोडलं. हत्यार न येता मला माफीही मागता येत नाही. हे बाजूला येऊन बसले आणि म्हणाले, "नुसतं चुकलं लिही." एवढं छोटं? "छोटंच असतं ते." ह्यांना इतकं कळतं हे मला लग्नाला पस्तीस वर्षं होऊन माहीत नव्हतं.

चिठ्ठी पाठवली नाही. बोर्डीला जायची हिंमतही झाली नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
चार वाजता दुकानाच्या फोनवर: "मी बोर्डीहून. प्रांजलची आई." मी स्टुलावरून उठून उभी राहिले. फोनवर कुणाला दिसत नाही हे माहीत असून.

मी घाईघाईने म्हटलं, "मीनाताई, माझं त्या दिवशी..."
"ते राहू दे आता. ऐका. तुमच्याकडून आल्यापासून मी घरात कडी लावत नाही. दाराबाहेर प्रांजलला उभी करून आंघोळ करते. ती म्हणते, आई, मला ड्युटी आहे. आमचीही कडी जुनीच आहे, बदलायला हवी."
"नितीनला पाठवते लगेच."
"नितीन नको. तुम्ही या. एकट्या."
"आणि मुलांचं...?"
"आधी कडी बघू, ताई."
फोन ठेवला.

नितीन समोर उभा. काय म्हणाल्या? मी म्हटलं, कडी. त्याचं तोंड पडलं, मग परत जरा वर आलं. ह्यांनी विचारलं, रागावल्यात की हसतायत? ते मला खरंच सांगता आलं नाही. त्या बाईच्या आवाजावरून काही कळत नाही. कसली आहे म्हणून मनात नाव शोधायला गेले, आणि थांबले.

उद्या सकाळच्या बसने बोर्डी. पितळी कडी घेतली, सहा इंची, आमच्या दुकानातली सगळ्यात चांगली. स्क्रू, डिसमिस, हातोडी. नितीनने शर्टाला इस्त्री केली होती, त्याला नाही म्हटलं. दरवाजात उभा राहून त्याने मला दोनदा सांगितलं की कडी लावताना आधी वरचा स्क्रू घट्ट करायचा. मी बत्तीस वर्षं लोकांना हेच सांगतेय, पण ऐकून घेतलं.

तिथे काय करायचं ते ठरवलं आहे. दारातच चुकलं म्हणायचं, एवढंच. मग कडी बसवायची. मग गप्प बसायचं, त्या बोलेपर्यंत. मला किती वेळ गप्प बसता येतं ते उद्या कळेल.