तिकीटवाला की विदूषक

गुरुवार, ता. ११, सकाळी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू आणि घरची मंडळी बरी असाल असं धरून चालतो. माझा रक्तदाब वर-खाली होतो, गुडघा फक्त वर होत नाही. तुझी वहिनी ठणठणीत आहे, तिचा आवाज त्याहून ठणठणीत. तुझं रंगाचं दुकान कसं चाललंय?

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. घाबरलोय तो मी, आणि ती भीती दोघांना पुरून उरेल एवढी आहे.

झालंय असं, की आपल्या हौशी मंडळींनी यंदा गाण्यांचं नाटक घेतलंय. एक सर्कस बंद पडते, तिच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट. बसवणारी बाई नवी आहे, शाळेत गाणं शिकवते, माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "या वेळी प्रॉम्प्टर नाही. विंगेत कोणी पुस्तक घेऊन उभं राहायचं नाही. सवय लागते माणसांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलंय? दिवसभर बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवायची आणि संध्याकाळी त्यातलंच एक हातात धरून विंगेत उभं राहायचं. सहावी नापास माणसाला यापेक्षा मानाची जागा कोण देणार होतं? मी म्हटलं, बरं, मग मी येत नाही. तर बाई म्हणाली, "असं कसं, काका? तुम्हाला सगळ्यांची वाक्यं पाठ. तुम्हीच भूमिका घ्या. ऑडिशन सगळ्यांना आहे." आणि एक छापील कागद हातात दिला. त्यावर नाव, वय, आणि खाली 'कोणती भूमिका हवी' असा रकाना.

त्या रकान्याने आठ दिवस माझी झोप घालवलीय. तुझी वहिनी म्हणते, "अहो, भूमिका निवडायचीय, किडनी द्यायची नाहीये."

म्हाताऱ्यांसाठी तीन जागा आहेत. एक पहारेकरी. त्याला बोलणं नाही, फक्त शिट्टी, पण तो पूर्ण वेळ समोर उभा असतो आणि माझा गुडघा तेवढा टिकायचा नाही. दुसरा तिकीटवाला. तीन वाक्यं, एक कडवं, आणि तो लाकडी खिडकीच्या आत बसलेला, लोकांना नुसतं डोकं दिसणार. तिसरा म्हातारा विदूषक. त्याला चार कडव्यांचं गाणं आहे, एकट्याचं.

मी तिकीटवाला लिहिला. का ते तुला सांगतो, वहिनीला सांगू नकोस. खिडकीच्या आत फळी आहे. फळीवर पुस्तक उघडं ठेवलं तर बाईच्या बापालाही दिसणार नाही.

पण काल वाचन झालं. विदूषकाला माणूस मिळेना. टपालखात्यातून निवृत्त झालेले आमचे एक गृहस्थ आहेत, त्यांना ते गाणं द्यायचं होतं, पण त्यांचा दम दोन कडव्यांत संपतो. बाई म्हणाली, "काका, सहज वाचून बघा." आवाज मला बरा आहे हे तुला ठाऊक आहेच, लहानपणी आपण दोघं गच्चीवर गायचो. मी उभा राहिलो. दोन कडवी झाली. तिसऱ्याच्या आधी वाद्यं थांबतात, विदूषक सहा मात्रा गप्प उभा राहतो, आणि मग एकट्याने सुरू करतो. तसं कागदावर लिहिलेलंच आहे.

माझ्याने थांबवेना. दोन मात्रा झाल्या आणि मी हळूच, तोंडावर हात धरून, पुढची ओळ कुजबुजलो. विंगेतून देतात तशी. माझी मलाच.

टपालवाले ओरडले, "अरे, हा स्वतःलाच प्रॉम्प्ट करतोय!" हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मीही हसलो. मग बाई जवळ येऊन म्हणाली, "काका, तिथे थांबायचंच असतं. लोकांना क्षणभर वाटलं पाहिजे की हा विसरला."

धाकट्या, मला खाली बसावं लागलं. सगळ्यांना वाटलं रक्तदाब. कोणीतरी पंखा लावला. घरी येऊन जेवलो नाही. वहिनी डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागलीय. तिला काय सांगू?

एवढं लिहून मी उठलो होतो, पाकीट शोधायला. पाकीट समोरच होतं. तेव्हा पुन्हा बसलो.

तुझ्या शेवटच्या नाटकाला एकतीस वर्षं झाली. दुपारचा प्रयोग होता, आई पहिल्या रांगेत. तू परत आलेला मुलगा होतास. घरातले सगळे विचारतात, "कुठे होतास इतके दिवस?" आणि त्यावर तुझं वाक्य. ते वाक्य आलं नाही. लोक आधी गप्प होते, मग खोकले, मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग हसायला लागले. शेवटी पडदा ओढला. तू तोंडाचा रंगही न पुसता घरी निघून गेलास, आणि पुन्हा कधी उभा राहिला नाहीस.

मी तेव्हा सांगितलं, मला वाटलं तो थांबा घेतोय. तुझे लांब थांबे सगळ्यांना माहीत होते, लोक त्यासाठी तर यायचे. सगळ्यांनी मानलं. तूही मानलंस. वर मलाच म्हणालास, "दादा, तुझी काय चूक, माझंच डोकं गळकं."

मला तसं वाटलं नव्हतं. तू विसरलास की तुझा उजवा अंगठा बोटावर घासतोस, शाळेत कविता म्हणतानापासून. थांबा घेतोस तेव्हा हात सैल असतात. अंगठा मी पाहिला. पुस्तकात माझं बोट बरोबर त्या ओळीवर होतं.

त्या दिवशी सकाळी आई शेजारणीला सांगत होती, "हा माझा नट. आणि थोरला, तो पुस्तक धरतो." तेवढंच. त्यात तिने काही वाईट म्हटलं नव्हतं. पण ओळ ओठावर आली आणि मला वाटलं, राहू दे थोडा वेळ. कळू दे सगळ्यांना, पुस्तक धरणं म्हणजे काय ते. फक्त थोडा वेळ, धाकट्या. मग कोणीतरी हसलं. तेव्हा द्यायची होती, शपथ घेऊन सांगतो. आवाजच फुटला नाही.

विसरायचं काय, सगळेच विसरतात. टपालवाले तर प्रत्येक प्रयोगात विसरायचे, मी शंभरदा सावरलंय त्यांना. तुझ्या डोक्यात काही गळकं नव्हतं. तू आजही गिऱ्हाईकाने सांगितलेला रंग तळहातावर लिहून घेतोस. स्वतःच्या मुलीच्या लग्नात दोन शब्द बोला म्हणाले तर मागच्या दाराने निघून गेलास. मी मांडवात होतो. मला कारण माहीत होतं आणि मी जिलबी खात बसलो.

हे कळल्यावर तू माझं तोंड बघणार नाहीस अशी मला भीती वाटते. आणि न सांगता मेलो तर तू तळहातावर लिहीतच राहशील, याची त्याहून जास्त.

आज सकाळी मी कागदावरचा तिकीटवाला खोडला आणि विदूषक लिहिलं. वहिनी म्हणाली, "झेपेल का?" मी म्हटलं, बहुतेक नाही. ऑडिशन रविवारी, ता. २१, दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात. त्या सहा मात्रांत मला एकट्याने उभं राहायचंय. पुढचं कडवं आलं नाही तर नाही आलं. तू ये असं म्हणायचा मला हक्क नाही. आलास तर कुठेही बस, आणि हसू आलं तर हास.

तुझी ओळ तू मला कधी विचारली नाहीस, आणि ते नाटक पुन्हा कोणी केलं नाही. ती अशी होती: "आधी मला पाणी द्या, मग सगळं सांगतो."

एकतीस वर्षं उशिरा देतोय.

विंगेत होता तो,
तुझा दादा